आत कुठून, बाहेर कुठून

एप्रिल लागला की कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून डिंकाचा वास सुटतो. शेवटच्या वर्षाची मुलं आपापले प्रोजेक्टचे अहवाल बांधायला टाकतात. काळा पुठ्ठा, त्यावर सोनेरी अक्षरं. रस्त्यावर कडुलिंबाचा मोहोर गळून वाळलेला असतो, चपलेखाली बारीक करकरतो. हा वास मला पूर्वी आवडायचा. काम संपल्याचा वास वाटायचा. तीन वर्षं झाली, तो आला की कपाळाला आठी पडते.

मी यंत्र अभियांत्रिकी शिकवते, बीड जिल्ह्यातल्या एका कॉलेजात. मला याद्या करायची सवय आहे. किराण्याची यादी, परीक्षेच्या ड्युट्यांची यादी, लग्नाला जाताना कुठल्या पिशवीत काय त्याची यादी. घरातले हसतात. पण कुलूप लावून स्टँडवर गेल्यावर काही राहिलं म्हणून माघारी फिरलोय, असं आमच्या घरात घडलेलं नाही. प्रयोगशाळेच्या भिंतीवरही माझी एक यादी आहे, पुठ्ठ्यावर जाड पेननं लिहिलेली. संगणकावर हवा वाहती करून बघायची असेल तर आधी काय काय ठरवायचं, त्याची.

या विषयाला आम्ही सीएफडी म्हणतो. नाव मोठं आहे, कल्पना साधी. एक खोली घ्यायची आणि तिचे संगणकात लाखो बारके डबे करायचे, एकाला एक चिकटलेले. प्रत्येक डब्याला एकच नियम: जितकी हवा आत आली तितकी बाहेर गेली पाहिजे. उष्णतेचं तसंच, वेगाचंही तसंच. प्रत्येक डबा शेजारच्या डब्याला विचारतो, तुझ्याकडून किती आलं? आकडे जुळत नाहीत. मग पुन्हा विचारतो. हजारो फेऱ्या झाल्या की आकडे हलायचे थांबतात, आणि त्या खोलीत वारा कुठून कसा फिरतो ते दिसायला लागतं. आतल्या डब्यांचं असं आपापसात भागतं. पण खोलीच्या कडेला, खिडकीशी आणि दाराशी, विचारायला शेजारी नसतो. तिथं माणसानं सांगावं लागतं की इथून वारा आत येतो, एवढ्या वेगानं, एवढा गरम. आणि इथून बाहेर जातो. तेवढं सांगितलं की पुढचं गणित संगणक चोख करतो. सांगितलेलं खरं की खोटं, हे मात्र तो कधीच विचारत नाही.

हे मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगते. मुलं मान डोलावतात आणि दुसऱ्या तासाला विचारतात, ‘मॅडम, रंगीत चित्रं कधी येतात?’

तीन वर्षांपूर्वी प्रोजेक्टला आलेल्या चौघांनीही हेच विचारलं होतं. मी म्हटलं, आधी प्रश्न आणा. त्यांना तो सापडेना, म्हणून प्रश्न मीच आणला. तो माझ्या माहेरचा होता.

माझा धाकटा भाऊ अंकुश आणि त्याची बायको संगीता धारूरजवळ, घाटाच्या माथ्यावर राहतात, माझ्या लग्नानंतर घेतलेल्या रानात. दोन एकर तुती, आणि तिच्या कडेला रेशमाच्या किड्यांचं शेड. पत्र्याचं छप्पर, विटांच्या भिंती, आत लोखंडी मांडण्यांवर अळ्या. त्यांना पाला घालायचा, पंचवीसेक दिवसांत त्या कोष करतात, की झाली एक बॅच. पावसाळा आणि हिवाळा सुखात जातो. उन्हाळ्याची बॅच मात्र दर वर्षी अर्धी हातची जायची. पत्रा तापतो, पाला तासाभरात सुकतो, अळी खाणं सोडते. अंकुश म्हणाला होता, ‘ताई, तू एवढी हवेची मास्तरीण. एप्रिलची बॅच तगंल असं कायतरी सांग की.’

मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. शिकवलेलं घरच्या कामाला येण्याची वेळ किती जणांना मिळते. मी त्याच दुपारी यादी काढली. काय जाणून घ्यायचंय: शेडमध्ये हवा कुठं अडते. उत्तरावर काय ठरणार: नवी खिडकी कुठं फोडायची. मापं कुठून: अंकुशकडच्या शेडच्या फायलीतल्या नकाशावरून. वारा कुठला: हवामानाच्या तक्त्यावरून. माहिती कुणाकडून: अंकुश. पडताळणी: प्रत्यक्ष जाऊन वारा मोजणे.

रविवारी सकाळी मी चौघा मुलांना घेऊन गेले. बॅच चालू होती, म्हणून संगीतानं दारातच थांबवलं.

‘वन्सं, आत न्हाई जाता येणार.’

‘अगं, मी घरचीच ना?’

‘घरच्या असा न्हाई तर कलेक्टर असा. तुमी एसटीतनं आलाव. पोरांच्या कपड्यांना सेंटचा वास येतोय.’

मुलं ओशाळली. तिचे नियम कडक होते. दाराशी औषधाच्या पाण्याचं घमेलं, त्यात पाय बुडवल्याशिवाय ती स्वतःही आत जात नसे. बॅच असली की घरात उदबत्ती बंद. तंबाखू खाणाऱ्यानं पाल्याला हात लावायचा नाही. अंकुशनं त्यापायी सुपारीसुद्धा सोडली होती. मला मनातून राग आला होता. एवढ्या लांबून आले आणि भावजय उंबऱ्याबाहेर उभं करते. पण मी म्हटलं, हरकत नाही, आत जायची तशी गरजही नाही. नकाशा आहे.

मुलांनी शेडबाहेर चारी बाजूंना वारा मोजला. नऊ वाजले होते. पश्चिमेची झुळूक होती, तक्त्यात लिहिलेली तशीच. मी यादीत ‘पडताळणी’वर बरोबरची खूण केली. अकराला ऊन चढायला लागलं तसे आम्ही निघालो. संगीता तुतीचा भारा डोक्यावर घेऊन येत होती. हिरव्या पाल्याखाली तिचं तोंडही दिसत नव्हतं. ती म्हणाली, ‘जेवून तरी जा. दुपारचं बसा जरा.’ मी म्हटलं, ‘नको, पोरांना ऊन लागेल.’

ती ‘दुपारचं बसा’ का म्हणाली, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. नुसतं ‘का गं?’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

पुढचे दोन महिने लॅबमध्ये गेले. ते दिवस आठवले की अजून हात शिवशिवतात. वीज जायची, इन्व्हर्टर वीस मिनिटं तग धरायचा, आणि दोन दिवस चाललेलं गणित तिसऱ्या दिवशी मरायचं. कूलरच्या वाळ्याचा ओला वास, पंख्याची घरघर, आणि पडद्यावर ती आकड्यांची रेघ. ती खाली खाली यावी लागते, म्हणजे डब्यांचं आपापसात जुळत आलं. आमची खाली यायची आणि मध्येच उसळी घेऊन आभाळाला जायची. एक मुलगा रोज विचारायचा, ‘मॅडम, आज उतरली का?’, घरी कुणाला ताप असल्यासारखं. मी मांडण्यांचे डबे आणखी बारीक करायला लावले, चुका शोधल्या, आणि एका संध्याकाळी ती रेघ खाली आली ती आलीच. लाल, पिवळी, निळी चित्रं निघाली. वारा पश्चिमेच्या खिडक्यांतून आत येत होता आणि पूर्वेच्या कोपऱ्यात अडकून तापत होता. आम्ही संगणकातच उत्तरेच्या भिंतीला तीन झरोके पाडून बघितले. कोपरा निळा, म्हणजे गार झाला. पश्चिमेनं आत, उत्तरेनं बाहेर. इतकं स्वच्छ उत्तर मला आयुष्यात मिळालेलं नव्हतं.

अंकुशला चित्र पाठवलं. त्यानं आठवड्यात उत्तरेची भिंत फोडून तीन झरोके बसवले. तेव्हा संगीता त्याला म्हणाली होती, ‘उत्तरंला कावून फोडताव?’ तो म्हणाला, ‘ताईनं कंप्यूटरवर बघितलंय.’ त्यावर ती तुतीकडे निघून गेली. हे मला नंतर कळलं. नंतर कळलेल्या गोष्टींचीच यादी मोठी आहे.

मुलांची तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, ‘चित्रं फार सुंदर आहेत.’ चौघांना भरघोस गुण पडले. अहवाल काळ्या पुठ्ठ्यात बांधून विभागाच्या कपाटात गेला, पाठीवर सोनेरी अक्षरांत माझंही नाव. त्याच आठवड्यात अंकुशचा फोन आला. आवाज नेहमीचाच होता, फक्त वाक्यं तुटत होती. ‘ताई, अळ्या पडायल्यात. खायनात. तू नको येऊ एवढ्या उन्हात.’

मी गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्या माथ्यावर दुपारी दोन वाजता उतरले. संगीता शेडच्या दारात बसली होती. घमेलं पालथं पडलं होतं. मी सवयीनं बाहेर थांबले.

‘या आत वन्सं,’ ती म्हणाली. ‘आता काय राखायचंय.’

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. आत मांडण्यांवर अळ्या लोळत होत्या, बोटाएवढ्या, पांढऱ्याच्या काळपट होत चाललेल्या. पाल्याचा चुरा झाला होता. आंबूस वास कोंदला होता. तिनं माझं मनगट धरलं आणि उत्तरेच्या मधल्या झरोक्यापुढे माझा तळहात नेला.

‘हितं ठेवा.’

तव्याजवळ हात नेल्यासारखी धग आली. वारा बाहेर जात नव्हता, आत येत होता.

‘सकाळचं वारं मावळतीचं असतंय,’ ती म्हणाली. ‘जेवणवेळ टळली की फिरतंय. खाली तेलगावकडची काळी रानं तापत्यात, आन् तिकडचं सगळं घाटातनं वर येतंय. रोज. म्हणून तर उत्तरंला आमी दार सोडून एकबी खिडकी ठेवली न्हवती.’

मी जिला बाहेर जायची वाट म्हटलं होतं, ती आत यायची वाट निघाली. संगणकाचं काही चुकलं नव्हतं. लाखो डब्यांनी माझं ऐकून इमानदारीनं हिशेब जुळवला होता. चुकलं होतं ते कडेला, जिथं माणसानं सांगायचं असतं.

शेडमागे खड्डा खणून, चुना टाकून त्यांनी ती बॅच पुरली. मी फावडं घ्यायला गेले तर अंकुश म्हणाला, ‘राहू दे ताई, तुला जमायचं न्हाई.’ तो प्रेमानंच म्हणाला, पण माझ्या मनात ते अजून रुतून आहे.

त्यानंतर मी ती यादी कितीदा तरी काढून वाचली. एकही रकाना रिकामा नव्हता. हेच जास्त खुपतं. विसरले असते तर विसरले म्हणता आलं असतं. ‘माहिती कुणाकडून’ या रकान्यात अंकुशचं नाव होतं, कारण सातबारा त्याच्या नावावर, फाईल त्याच्या नावावर, आणि फोनवर बोलणारा तो. त्या शेडमध्ये दिवसातून पाच वेळा जाणारं माणूस दुसरंच होतं. तिला मी पाला घालणारी धरलं होतं. आणि वारा मोजला तो आम्हाला सोयीच्या वेळी. ऊन लागेल म्हणून जिथून पळालो, नेमकं त्या उन्हाचं गणित आम्हाला करायचं होतं. वर्गात मी रोज शिकवते की कडेच्या अटी नीट तपासा. मुलांच्या वहीत ते वाक्य लाल शाईनं अधोरेखित आहे.

संगीतानं पुन्हा उन्हाळ्याची बॅच घेतली नाही. तीन उन्हाळे ते शेड रिकामं राहिलं. झरोके विटांनी बुजवले, पण त्यावर गिलावा केला नाही. पांढऱ्या भिंतीत तीन लाल चौकोन. एकदा मी म्हटलं, रंग तरी मारून घ्या. ती म्हणाली, ‘ऱ्हाऊ द्या की. तुमच्या पोरांनी काढलेलं चित्र हाय ते.’ मग हसली. मलाही हसावं लागलं.

यंदा जानेवारीत शिफा नावाची विद्यार्थिनी तो काळा अहवाल कपाटातून घेऊन माझ्यासमोर आली. ती तेलगावची. मोजकं बोलते आणि बोलण्याआधी वाचून येते, त्यामुळे तिच्याशी बोलताना मी सावध असते.

‘मॅडम, हेच काम पुढं न्यावं म्हणते. पण ह्याच्यात दुपारचं वारं पश्चिमेचं कसं धरलंय? आमच्याकडून तर वर धारूरला जातं. दुपारी मोटारसायकलवर घाट चढताना पाठीत वारं लागतं.’

तीन वर्षं तो अहवाल कपाटात होता. दोन तुकड्यांनी तो संदर्भ म्हणून वापरला होता. मी काहीच बोलले नव्हते. मनात म्हणायचे, सवड मिळाली की दुरुस्त करू. माझ्यासारखीनं सवडीचं कारण सांगावं, याचीच मला चीड येते. मी पेन घेतला आणि अहवालाच्या पहिल्या पानावर, शीर्षकाखाली लिहिलं: ‘ज्या खोलीचं हे गणित आहे, त्या खोलीत आम्ही गेलो नव्हतो. यातला निष्कर्ष चुकीचा आहे.’ खाली सही केली. शिफानं वाचलं. म्हणाली, ‘मग आता जाऊ या का?’

मी संगीताला फोन लावला. पहिल्यांदाच तिला, अंकुशला नाही. तिनं आधी कोण कोण येणार ते विचारून घेतलं. मग म्हणाली, ‘एप्रिलात या. शेड मोकळंच असतंय. पण सकाळपस्नं दिवस मावळस्तोवर बसायचं. मधी पळायचं न्हाई.’

पंधरा दिवसांपूर्वी आम्ही तिघी त्या रिकाम्या शेडमध्ये बारा तास बसलो. शिफा म्हणाली होती, धूर करून वारा बघू, उदबत्ती आणते. संगीतानं तिच्याकडे असं बघितलं की तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. ‘पुढच्या बॅचला त्यो वास भिंतीतनं येतोय,’ ती म्हणाली, आणि आतून एक पिशवी घेऊन आली. कोषावरनं निघालेलं रेशमाचं पिंजण, कापसाहून हलकं. त्याच्या बारीक शेंड्या तिनं दोऱ्यांना बांधल्या आणि आम्ही त्या मांडण्यांना, खिडक्यांना, पत्र्याखालच्या बांबूला लटकवल्या. सकाळी साऱ्या पूर्वेला झुकल्या होत्या. जेवणवेळेला एकेक करून सरळ झाल्या. वीसेक मिनिटं काहीच हललं नाही. घामाची धार पाठीतून उतरत होती. मग उत्तरेच्या दारातली शेंडी उचलली गेली आणि आत वळली.

‘आलं बघा,’ संगीता म्हणाली, पाहुणा आल्यासारखं.

मी वेळ लिहिली. नंतरच्या दिवसांत गणित दोनदा केलं, सकाळचं वेगळं, दुपारचं वेगळं. दुपारच्या गणितानं सांगितलं: बारा ते पाच उत्तरेचं दार आणि फटी ओल्या गोणपाटानं बंद, दक्षिणेच्या सावलीकडून खालून हवा आत, आणि तापलेली हवा वरून बाहेर. मी ते कागदावर नेऊन दाखवलं. तिनं ऐकून घेतलं.

‘हे तर मी करतेच की वन्सं. गोणपाट, दार, सगळं.’

मला राग आला. इतक्या खटाटोपानंतर ‘हे तर मी करतेच’. शिफा खाली बघून हसत होती. मग संगीता सावकाश म्हणाली, ‘म्हंजे तुमचं मशीन आता खरं बोलाया लागलं. आता मला ठावं नसलेलं इचारते. वरनं बाहेर म्हणताय, ते कुठनं? पत्रा कुठला कापू?’

हा प्रश्न खरा होता. तो तिला ठाऊक नव्हता आणि तो करून बघता येत नव्हता, कारण कापलेला पत्रा पुन्हा जोडता येत नाही. माझ्या कागदावर उत्तर होतं. पण मी तिच्या हातात खडू दिला आणि म्हटलं, आधी तू खूण कर. तिनं बांबूनं पूर्वेकडून दुसरा पत्रा दाखवला आणि त्याच्याखाली भिंतीवर फुली मारली. माझ्या कागदावर चौथा होता.

आम्ही दोघी वर बघत राहिलो. अंकुश दारातून म्हणाला, ‘दोन्ही कापा की.’ संगीता म्हणाली, ‘आन् पाऊस आत आला की छत्री घिऊन पाला घालू? तुमचं आपलं कायबी.’ मग माझ्याकडे वळली. ‘चौथा कापते. पण माझी अट हाय. बॅच निम्मीच घेणार. आन् ती निघस्तोवर तुमी हितं ऱ्हायचं. सकाळी येऊन दुपारच्या आत जायचं न्हाई.’

माझ्या मे महिन्याच्या यादीत पेपर तपासणी होती, दाढेचं काम होतं, आणि पुतण्याचं लग्न होतं. मी ती फाडली नाही, कारण मी याद्या फाडत नाही. एकेका ओळीपुढे ‘नंतर’ लिहिलं. पेपरांचे गठ्ठे बरोबर घेऊन आले आहे. शेडच्या सावलीत बसून तपासते.

चौथा पत्रा काल कापला. उद्या सकाळी अळ्या येणार आहेत. तिचं बरोबर की माझं, हे मला अजून ठाऊक नाही, आणि संगणकालाही नाही. संगीतानं दाराशी घमेलं भरून ठेवलं आहे. आज संध्याकाळी तिनं मला त्यात पाय बुडवायला लावले, नुसती सवय व्हावी म्हणून. पाणी गार होतं आणि नाकात झोंबत होतं. आत भिंतीवर, तिच्या फुलीशेजारी मी नवी यादी चिकटवली आहे. शेवटची ओळ तीच, पडताळणी. तिच्यापुढचा रकाना मोकळा ठेवला आहे. खिळ्याला पेन टांगला आहे. खूण या वेळी संगीता करील.